हात बरा दिसतोय

परवा दुपारनंतर मी सिक लीव्ह टाकली. उजवं मनगट सकाळपासूनच ठणकत होतं आणि दुपारी तर माऊसवर हात ठेवला की कोपरापर्यंत कळ जायला लागली, म्हणून मॅनेजरला मेसेज केला, लॅपटॉप मिटला आणि आडवी झाले. संध्याकाळी जरा बरं वाटलं तेव्हा चारकोलची कांडी घेऊन माझ्याच डाव्या हाताचं एक चित्र काढलं, मोठ्या कागदावर, फार वेळ लागला नाही, आणि बऱ्याच दिवसांनी मनासारखं उतरलं म्हणून स्टेटसला टाकलं. रात्री टीममधल्या एका मैत्रिणीचा रिप्लाय आला. "वा, मस्तच गं! हात बरा दिसतोय आता."

मी "थँक्यू" लिहिलं, फोन बाजूला ठेवला आणि दिवा घालवला. झोप काही आली नाही.

ती टोमणे मारणाऱ्यातली नाही. माझ्या वाटणीची कामं न बोलता तिनं किती वेळा ओढून नेलीयत, त्यामुळं तिच्यावर रागवायचा प्रश्नच नव्हता. खटकलं ते हे की तिच्या वाक्यात तसं काही चुकीचं नव्हतं. सुट्टी हातासाठी घेतली आणि चित्र हातानं काढलं, तर हात बरा झाला असणार, कुणालाही हेच वाटेल. आणि तिला एका ओळीत देता येईल असं उत्तर माझ्याकडं नव्हतं. स्टेटस काढून टाकावं असंही मनात येऊन गेलं, मग त्या विचाराचाच राग आला, कारण आज दाखवायचं नाही म्हटलं की उद्या काढायचंच कशाला असंही वाटायला लागतं, आणि मला त्या वाटेनं जायचं नाहीये.

म्हणून हे लांबलचक उत्तर.

मला ऱ्हुमॅटॉईड आर्थ्रायटिस आहे, आरए. ज्यांच्या घरात कुणाला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर वयाबरोबर गुडघे धरणारा संधिवात येतो, हा तो नव्हे. इथं शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, आणि सुरुवात बऱ्याचदा हातांपासून होते, बोटांच्या मुळाशी असलेले सांधे, मधले सांधे, मनगटं, तेही दोन्हीकडं जवळपास सारखेच. बोटांच्या टोकाजवळचे सांधे मात्र बहुतेक वेळा सुटतात. डॉक्टर दर वेळी दुखण्याआधी दुसरंच विचारतात, "सकाळी हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?" मला त्या प्रश्नाचं फार अप्रूप वाटतं, कारण दुखणं किती हे दहापैकी आकड्यात सांगणं मला कधीच जमलेलं नाही, पण मोकळं व्हायला लागणारा वेळ मला नीट माहिती असतो. डोळे उघडले की रात्रभर कुणीतरी एक नंबर लहान हातमोजे चढवून ठेवलेत असं वाटतं. मूठ वळत नाही, पूर्ण उघडतही नाही. मग पसरट भांड्यात कोमट पाणी घेऊन दोन्ही हात बुडवून बसायचं. करंगळी आधी सुटते, मधलं बोट सगळ्यात शेवटी. त्या वेळात फोन हातात धरता येत नाही, त्यामुळं खिडकीतनं बाहेर बघत बसते, आणि खरं सांगायचं तर दिवसातला तो वेळ मला आवडतो, कारण तेव्हा माझ्याकडून कुणाचीच कसली अपेक्षा नसते.

त्यानंतर लॅपटॉप उघडतो. घरून काम करायला मिळतंय हे माझं नशीब आहे, ते मी कधीच नाकारणार नाही. रोज प्रवास करून ऑफिस गाठायचं असतं तर ही नोकरी केव्हाच सुटली असती. दोन मीटिंगच्या मधे पाठ टेकता येते, मनगटाला पट्टा बांधून बसलं तर कुणी विचारत नाही, फ्लेअर, म्हणजे आजार उसळलेला, असेल त्या दिवशी केस बांधायची सुद्धा सक्ती नसते (हात डोक्यामागं नेऊन रबर पिळणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत). पण घरून काम करण्यात एक गोष्ट हरवली ती म्हणजे कुणाला काही दिसत नाही. ऑफिसात जिना चढताना, बाटलीचं झाकण उघडायला कुणाला तरी हाक मारताना, आजार आपोआप सगळ्यांना कळत होता, मला तोंडानं सांगावा लागत नव्हता. आता लोकांना दिसतो तो नावापुढचा हिरवा ठिपका. तो हिरवा असला की मी बरी आणि पिवळा झाला की मी कुठंतरी गेले, मधलं काही दाखवायची सोयच नाही. व्हॉईस टायपिंगवर मी निम्मा मजकूर बोलून लिहिते, मग त्यानं घातलेले घोळ निस्तरत बसते, हे पलीकडच्याला कसं कळणार. त्याला वेळेत आलेला ईमेल दिसतो. आणि मी पण तो वेळेतच जावा म्हणून जिवाचा आटापिटा करते, म्हणजे आजार लपवायचं अर्धं काम माझं मीच करत असते.

आता मूळ मुद्दा, टाईप करणारा हात आणि चित्र काढणारा हात.

कीबोर्डवर तळहात खाली वळलेला असतो, मनगट किंचित उचललेलं आणि करंगळीच्या बाजूला कललेलं. त्याच अवस्थेत तासन्‌तास. बोटं एकेक करून उचलायची आणि मारायची, म्हणजे जे सांधे सुजलेले आहेत नेमकं त्यांनाच दिवसभर कामाला लावायचं. माऊस त्याहून वाईट, कारण क्लिक करत नसतानाही तर्जनी क्लिकच्या तयारीत अधांतरी राहते. उभा माऊस घेतल्यापासून थोडा फरक पडला, थोडाच. याउलट चारकोल मी पेनासारखा धरतच नाही. कांडी आडवी, तळहाताच्या खाली, अंगठा आणि दोन बोटांच्या मधे नुसती टेकलेली. बोर्ड उभा. मनगट जवळजवळ हलत नाही, हालचाल खांद्यातनं येते, आणि माझा खांदा अजून तरी धडधाकट आहे. चारकोलला दाब लागत नाही, कागदाला नुसता लागला तरी काळं उमटतं. लांब रेघ ओढताना हात पूर्ण फिरतो आणि ते फिरणं सांध्यांना चक्क बरं वाटतं, फिजिओथेरपिस्ट सांगतात त्या व्यायामांच्या जवळचंच काहीतरी असतं ते.

हे सगळं मला आपोआप कळलं नाही. आधी मी एचबी पेन्सिलनं बारीक काम करायचे, पानांच्या शिरा, कापडाची वीण, असलं. ते सोडावं लागलं आणि तेव्हा फार वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाईट आणि चिकणमातीचं भाजलेलं मिश्रण. १७९५ साली काँते नावाच्या फ्रेंच माणसानं या पद्धतीचं पेटंट घेतलं, माती जास्त घातली की शिसं कडक आणि फिकट, ग्रॅफाईट जास्त की मऊ आणि काळं. शाळेत एचबी आणि बी यातला फरक गडद-फिकट एवढाच कळला होता. हात दुखायला लागल्यावर कळलं की तो फरक ताकदीचा पण आहे. जी काळी छटा एचबीनं दाबून दाबून मिळवायची ती ६बीला अलगद मिळते. मग ६बी, मग ८बी, मग लाकूड नसलेली ग्रॅफाईटची जाड कांडी, मग चारकोल, अशी मी हळूहळू सरकत आले. पेन्सिलीला टोक काढणं हा तर वेगळाच छळ, शार्पनर पिळताना अंगठ्याच्या मुळाशी जी कळ येते तिला तोड नाही. मळून वापरायचा तो खोडरबर सुद्धा वाईट दिवशी मळता येत नाही, तो आधी बगलेत धरून ऊबदार करून घेते.

हे सगळं एका मेसेजमध्ये कसं लिहायचं?

आणि लिहिलं असतं तरी ते अर्धंच उत्तर झालं असतं. कारण प्रश्न फक्त सांध्यांचा नाही, थकव्याचा पण आहे. आरएचा थकवा म्हणजे झोप न झाल्याचा थकवा नव्हे, तो झोपून जात नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी असते, ती घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं कापसानं भरल्यासारखं जड असतं, समोरच्या माणसाचं वाक्य कानावर पडतं पण आत पोचत नाही. अशा जुनाट आजारांच्या लोकांमध्ये चमच्यांचा हिशोब प्रसिद्ध आहे. २००३ साली ल्युपस (हाही रोगप्रतिकारशक्ती उलटण्याचाच आजार) असलेल्या एका बाईनं मैत्रिणीला समजावताना मांडलेला, की निरोगी माणसाकडं दिवसाला हवे तेवढे चमचे, म्हणजे ताकद, असते, आपल्याकडं मोजके, प्रत्येक कामाला एक चमचा जातो. मला स्वतःला त्या हिशोबानं खूप आधार दिलाय, घरच्यांना पहिल्यांदा काही समजावता आलं ते त्यामुळंच. पण तो मला पूर्ण पटत नाही. त्यात सगळे चमचे एकसारखे धरलेत. माझा अनुभव असा की स्प्रेडशीटसाठी लागणारी ताकद संपलेली असताना चित्राची ताकद शिल्लक असू शकते, आणि ती वाचवून ठेवली म्हणून दुसऱ्या दिवशी स्प्रेडशीटला मिळते असं अजिबात होत नाही. नाही वापरली तर ती तशीच जाते. संध्याकाळी चित्र काढलं नसतं तर मनगट लवकर बरं झालं असतं का? नाही. मी छताकडं बघत पडले असते, इतकंच.

हा विषय निघाला की कुणीतरी रेन्वार या फ्रेंच चित्रकाराचं उदाहरण देतंच, त्यालाही आरए होता. तुम्ही पण ऐकलं असेल, बोटं वाकडी झाली तरी ब्रश हाताला बांधून चित्रं काढायचा म्हणून. मला ती गोष्ट ज्या पद्धतीनं सांगितली जाते ती आवडत नाही. एक तर हाताला बांधलेल्या पट्ट्या ब्रश अडकवण्यासाठी नव्हत्या, बोटं आत वळून तळहाताची कातडी सोलली जाऊ नये म्हणून होत्या, ब्रश दुसरं कुणीतरी हातात द्यायचं. १९१५ साली त्याला चित्रं काढताना कॅमेऱ्यावर शूट केलं होतं, त्यात ते हात दिसतात. एकदा पाहिले की विसरता येत नाहीत, कारण ब्रश कसाबसा धरलेला असला तरी फटकारे चपळ आहेत, न घाबरणारे आहेत. आणि दुसरं म्हणजे तो एकटा नव्हता. ब्रश देणारं माणूस होतं, घरच्यांची मदत होती, मोठा कॅनव्हास रुळांवर गुंडाळून हवा तेवढा भाग समोर आणायची सोय केलेली होती. १९१९ साली तो गेला तोवर सांध्यांचा आजार थोपवणारं एकही औषध नव्हतं. माझ्या गोळीला अमेरिकेत आरएसाठी मान्यता मिळाली तीच १९८८ साली, मुळात ती कॅन्सरच्या उपचारातली. तेव्हा त्याच्या सोसण्याशी माझी तुलना मी करणारच नाही. पण एक फरक मला कायम जाणवतो. रेन्वारचं चित्र हेच त्याचं काम होतं. दुखऱ्या हातानं काम करणाऱ्या माणसाचं जग कौतुक करतं. दुखऱ्या हातानं छंद जोपासणाऱ्याकडं बघताना त्याच जगाच्या मनात येतं, मग दुखत नसेल एवढं.

मला त्यापेक्षा चित्रकार पाऊल क्ले जवळचा वाटतो. त्याला १९३५ पासून स्क्लेरोडर्माचा, म्हणजे कातडी कडक होत जाणाऱ्या आजाराचा, त्रास सुरू झाला, आजाराचं नाव तो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी लोकांनी लावलं. शेवटच्या काळात त्याच्या रेघा जाड, काळ्या, मोकळ्या झाल्या, त्या मी पुन्हा पुन्हा बघते. १९३९ या एका वर्षात त्यानं १२००हून जास्त कामं केली, आणि सगळेजण हा आकडा सांगतात. मला धीर देणारा आकडा वेगळा आहे. १९३६ मध्ये त्याच्या हातून जेमतेम २५ झाली होती. एवढ्या झपाट्यानं काम करणारा माणूस, आणि अख्ख्या वर्षात पंचवीस. ते वर्ष त्याच्या यादीत तसंच आहे, कुणी खोडलं नाही. माझं स्केचबुक महिना महिना कोरं राहतं तेव्हा मी त्या वर्षाचा विचार करते.

डावा हात हे माझं ठरलेलं मॉडेल. कायम हजर, न कंटाळणारं, आणि तेही आजारी. एवढी वर्षं त्याला बघून बघून काढल्यावर काही गोष्टी डोळ्यांना आपोआप टिपता यायला लागल्या. सूज आली की मधल्या सांध्यावरच्या आडव्या सुरकुत्या नाहीशा होतात, तिथली कातडी गुळगुळीत आणि चकचकीत होते, त्यामुळं हायलाईट जिथं कधी नसतो तिथं येतो. मूठ वळली की एरवी बोटांच्या मुळाशी चार टेकाडं आणि त्यांच्यामधे तीन खळगे दिसायला पाहिजेत, सूज असली की खळगे भरतात आणि सावली टाकायला जागाच उरत नाही. मागं एकदा तपासणीच्या दिवशी हात नेमका शांत होता, नेहमीच होतो तसं, आणि "गेल्या आठवड्यात खूप सुजला होता" यापलीकडं मला काही सांगता येईना, तेव्हा मी पिशवीतनं स्केचबुक काढून डॉक्टरांसमोर ठेवलं. ते बराच वेळ पानं उलटत होते. एका चित्रातल्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या भरलेल्या खळग्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा सांधा आपण सोनोग्राफीत बघू." मला त्या क्षणी फार भरून आलं. रिपोर्ट काय आला ते इथं महत्त्वाचं नाही. मी रिकाम्या वेळात, कुणी न सांगता, नुसतं आवडतं म्हणून जे बघितलं होतं ते खरं बघितलं होतं, हे कुणीतरी मान्य केलं.

पण हे लिहिताना मला जाणवतंय की मी पुन्हा तेच करतेय. चित्रानं सांध्यांना व्यायाम होतो, चित्राचा डॉक्टरांना उपयोग होतो, चित्राला वेगळे स्नायू लागतात. सगळी कारणं खरी आहेत. पण ती नसती तर? समजा परवाच्या चित्रानं मनगट थोडं जास्त दुखलं असतं. कधी कधी दुखतंच. एखादी रेघ हाताला लागते तरी मी ती ओढते, कारण ती तिथं हवी असते, आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत कामाच्या तासांमध्ये मोजावी लागते. निरोगी माणूस रविवारी डोंगर चढून येतो, सोमवारी पाय धरून बसतो, तेव्हा ही ताकद कंपनीसाठी का नाही ठेवलीस असं त्याला कुणी विचारत नाही. आजारी माणसाच्या ताकदीवर मात्र पहिला हक्क नोकरीचा, मग घराचा, मग औषधपाण्याचा, आणि काही उरलंच तर त्याचा स्वतःचा, असं सगळ्यांनी न बोलता धरलेलं असतं. आजारी माणसानं पण. मी कित्येक वर्षं तसंच धरलं होतं. दिवसाच्या शेवटी जे उरेल त्यात चित्र काढायचं, आणि दिवसाच्या शेवटी काही उरायचंच नाही.

आईचं म्हणणं वेगळं. ती फोनवर म्हणते, "हाताला जरा आराम दे गं बाई, चित्रं काय कुठं पळून चाललीयत?" तिच्या आवाजातली काळजी कळते म्हणून मी हो हो म्हणते. चित्रं पळून जाणार नाहीत हे खरंच आहे. पण सांधे झिजले तर ते मागं येत नाहीत, बोटं एकदा करंगळीकडं कलायला लागली की ती सरळ करणारी गोळी नाही. आजकालच्या औषधांमुळं तशी वेळ पूर्वीपेक्षा खूप कमी जणांवर येते, माझे रिपोर्ट पण सध्या बरे आहेत, मी रोज भीतीत जगते असं मुळीच नाही. तरी मला आज येणारी रेघ आज काढून ठेवायची असते. हे आईला सांगितलं तर ती रडेल, म्हणून इथं लिहितेय.

मैत्रिणीला मी दुसऱ्या दिवशी कॉल केला. टाईप करण्यापेक्षा बोलणं सोपं. माऊस आणि चारकोलचं सांगितलं, तिला ते लगेच कळलं, "अगं मला खरंच माहीत नव्हतं" म्हणाली आणि मनापासून म्हणाली. दुसरा भाग, म्हणजे दुखलं असतं तरी काढलं असतं हा, तोही सांगितला. त्यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मग मॅनेजरनं बघितलं असतं तर?" तिला माझी काळजी होती, आणि प्रश्न रास्त आहे. मॅनेजर काय म्हणाले असते मला खरंच माहीत नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित पुढच्या रिव्ह्यूमध्ये कुठंतरी आडून.

सध्या मी एवढं केलंय की सकाळचा, हात मोकळे झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास कॅलेंडरवर अडवलाय. तोच माझ्या हातांचा सगळ्यात चांगला वेळ असतो आणि इतके दिवस तो ईमेलला जात होता. आधी त्या चौकोनाला मी "अपॉइंटमेंट" नाव दिलं होतं, म्हणजे लोकांना डॉक्टर वगैरे वाटावं. या आठवड्यात ते बदलून "ड्रॉईंग" केलं, सगळ्यांना दिसेल असं. बुधवारी कुणीतरी त्याच वेळेवर मीटिंग टाकली. नकाराचं बटण दाबायच्या आधी मी बराच वेळ तशीच बसले होते, पोटात गोळा आला होता. मग नकार कळवला आणि अकराची वेळ सुचवली. अकराला मीटिंग झाली, कुणी काही विचारलं नाही. पुढं कधी विचारलं तर काय सांगायचं ते अजून ठरवलेलं नाही.